व्हॉट्सॲप बिझनेस: भाजणी-मसाल्याच्या ऑनलाइन विक्रीला किती कामाचं?

घरच्या घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकायला काढणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करतात. इन्स्टाग्रामवर खातं उघडतात आणि फोनमध्ये व्हॉट्सॲप बिझनेस घेतात. महिन्याभरात तक्रार सुरू होते: कॅटलॉग केला, रोज स्टेटस टाकतो, पण ऑर्डरी येतात त्या मावशी-काकूंच्याच. या ॲपला नावं ठेवण्याआधी ते कशासाठी केलंय हे बघायला हवं. व्हॉट्सॲप बिझनेस नवं गिऱ्हाईक शोधून आणत नाही. एकदा आलेलं गिऱ्हाईक धरून ठेवायला मात्र नव्या धंद्याला परवडेल असं याच्या तोडीचं साधन दुसरं नाही. इथलं परीक्षण याच कसोटीवर केलंय. उदाहरण घरगुती खाद्यपदार्थांचं घेतलं, कारण त्यात वजन, टिकाऊपणा, पार्सल, सणाची घाई असं सगळंच येतं.

ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं. फुकट आहे, मराठीत वापरता येतं, आणि नेहमीच्या व्हॉट्सॲपशेजारी त्याच फोनमध्ये राहतं. अट एकच: एक नंबर एका वेळी एकाच ॲपवर चालतो. घरचाच नंबर धंद्याला लावला तर जुने संवाद नव्या ॲपमध्ये येतात, पण मग नातलगांच्या लग्नाचे फोटो आणि मसाल्याचे दर एकाच स्टेटसवर जातात. वेगळं सिमकार्ड घेणं बरं. घरी लँडलाइन असेल तर तीही चालते. पडताळणीचा कोड मेसेजऐवजी फोनवरून ऐकायचा, एवढाच फरक. वेगळं सिम घेतलंत तर त्याचं रिचार्ज थकू देऊ नका. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते, आणि तुमच्या पाकिटांवर छापलेला नंबर परक्या माणसाकडे जातो.

प्रोफाइल भरायला दहा मिनिटं लागतात. पत्ता देणं सक्तीचं नाही. घरातून काम करणाऱ्या बाईने पूर्ण पत्ता न देता भाग आणि शहर लिहिलं तरी चालतं. वर्णनात एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ आकडी नंबर मात्र जरूर टाका. तो पाकिटावर छापावा लागतोच, आणि अनोळखी माणूस पैसे पाठवण्याआधी पहिल्यांदा तिथेच बघतो.

कॅटलॉग ही या ॲपची सगळ्यात चांगली सोय, आणि सगळ्यात जास्त वाया घालवली जाणारीही. ५०० पदार्थ मांडता येतात, प्रत्येकाला दहापर्यंत फोटो. नाव, किंमत, वर्णन, पदार्थाचा कोड आणि मूळ देश असे रकाने असतात. नेहमीची चूक अशी की पोस्टर बनवून तोच फोटो म्हणून चढवतात: वर नाव, खाली फोन नंबर, चहूबाजूंनी वेलबुट्टी. यादीत तो फोटो चौकोनी आणि अंगठ्याएवढा दिसतो. कडेची अक्षरं कापली जातात आणि भाजणी कुठेच दिसत नाही. पहिला फोटो पदार्थाचा, दुसरा पाकिटाचा, तिसरा पाकिटामागच्या छापील मजकुराचा, चौथा त्यापासून केलेल्या थालीपिठाचा, हा क्रम ठेवा. खिडकीशेजारी सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. भाजणी, मेतकूट, डांगर हे सगळे पिवळे-तपकिरी. पांढऱ्या ताटलीत फ्लॅश मारला की ते फिकट पिठासारखे दिसतात. पितळी वाटी किंवा गडद रंगाचा कपडा खाली असला की रंग खरा उतरतो.

वर्णनात “आजीच्या हातची चव” लिहून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. असं लिहा: “थालीपीठ भाजणी, ५०० ग्रॅम. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. मीठ-तिखट नाही. हवाबंद डब्यात दोन महिने, फ्रीजमध्ये चार. मध्यम आकाराची साधारण १२ थालीपिठं होतात.” या शेवटच्या वाक्यानेच पाकीट विकलं जातं, कारण अर्धा किलो म्हणजे किती, याचा अंदाज नव्याने संसार मांडलेल्या मुलीला नसतो. आकडा अर्थातच तुमच्या भाजणीची थालीपिठं स्वतः थापून, मोजून घ्यायचा. टिकण्याचे महिनेही तसेच, एक पाकीट बाजूला ठेवून तपासलेले असावेत.

कॅटलॉगच्या उणिवा दोन, आणि दोन्ही दिवाळीत नडतात. एक, त्यात शिल्लक मालाची मोजणी नाही. चकलीची शेवटची पाच पाकिटं उरली तरी पन्नास जण ती टोपलीत (कार्टमध्ये) टाकू शकतात. माल संपला की पदार्थ हाताने लपवावा लागतो; खोडू नका, लपवा, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा दाखवता येतो. दुसरी उणीव, एकाच पदार्थाचे पाव, अर्धा आणि एक किलो असे पर्याय आत देता येत नाहीत. तीन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. मग यादी लांबते, म्हणून संग्रह करून गट पाडा: उपवासाचं, रोजचं, फराळ. टोपलीत येणारी बेरीज फक्त मालाची असते, पार्सलचा खर्च तीत नसतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं नाही तर शेवटच्या पायरीवर ऑर्डर सुटते.

नोंद केलेला पदार्थ लगेच दिसत नाही, आधी तपासला जातो. औषधी दावे केले की तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी. डिंकाच्या लाडवापुढे “सांधेदुखी बरी होते” किंवा मेथीच्या लाडवापुढे “शुगर उतरते” असं लिहिलं की अडकलंच. ते वाक्य काढा आणि पुन्हा पाठवा. असे दावे करणं तसंही बरं नाही.

आता या ॲपच्या खऱ्या मर्माची गोष्ट. एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायला ब्रॉडकास्ट यादी असते, एका यादीत २५६ जण. ग्रुपसारखी ती उघड नसते. प्रत्येकाला निरोप स्वतंत्र मिळतो. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो पोचतो. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केला असून भागत नाही. स्टेटसची अट याहून कडक आहे: दोघांकडे एकमेकांचे नंबर हवेत. “रोज टाकतो, पण ऑर्डरी नातलगांच्याच” या तक्रारीचं मूळ इथे आहे. नंबर सेव्ह असतो तो नातलगांकडेच. बाहेरच्या गिऱ्हाइकाने एकदा चौकशी केली, पाकीट घेतलं, आणि तुमचा नंबर नुसते दहा आकडे म्हणून पडून राहिला.

किती जणांना निरोप पोचला हे तपासणं सोपं आहे. ब्रॉडकास्ट पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी तो निरोप दाबून धरा आणि माहिती उघडा. कोणी वाचला, कोणाला पोचला याची नावं दिसतात. जी नावं दोन्हीकडे नाहीत, त्यातले बरेच तुमचा नंबर न ठेवलेले. २०० जणांच्या यादीत निरोप ६० जणांनाच पोचत असेल तर तुमची यादी ६० चीच धरा, आणि उरलेल्यांना एकेकट्याने, त्यांच्या मागच्या ऑर्डरचा धागा धरून लिहा.

नंबर सेव्ह करून घ्यायची योग्य वेळ म्हणजे पार्सल निघालं तो दिवस. त्या दिवशी गिऱ्हाईक तुमच्या निरोपाची वाटच बघत असतं. पावतीचा फोटो आणि ट्रॅकिंग नंबर पाठवताना खाली एक ओळ घाला: “हा नंबर सेव्ह केलात तर पुढची भाजणी कधी दळणार ते आधी कळवता येईल.” पाकिटावर क्यूआर कोडचा स्टिकर लावा. तो कोड ॲपमध्येच तयार मिळतो, स्कॅन केला की संवाद उघडतो. स्टिकर पाकिटाच्या तोंडाजवळ लावू नका, कापताना तोच आधी फाटतो. आणि तेलकट फराळाच्या पिशवीवर साधा कागद टिकत नाही, प्लॅस्टिकचा घ्या.

निरोप महिन्याला दोन-तीन, त्याहून जास्त नकोत. रोजचं “शुभ सकाळ” आलं की माणूस आवाज बंद करतो, नाहीतर ब्लॉक करतो, आणि मग कामाचा निरोपही जात नाही. चांगला निरोप कसा असतो ते बघा: “शनिवारी १४ किलो भाजणी दळून येतेय. अर्ध्या किलोचं पाकीट १८० रुपये. रविवारी दुपारपर्यंत सांगाल त्यांचं पार्सल सोमवारी निघेल. पाकिटं किती आणि पिनकोड, एवढंच पाठवा. असे निरोप नको असतील तर ‘नको’ लिहा.” यात किती माल आहे, कधीपर्यंत सांगायचं आणि उत्तरात काय लिहायचं हे तिन्ही आलं. उपवासाच्या भाजणीचा निरोप आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पाठवून काही हाती लागत नाही. दहा दिवस आधी जायला हवा, कारण मधे पार्सलचे तीन-चार दिवस जातात. ज्याने “नको” लिहिलं त्याला यादीतून त्याच दिवशी काढा.

गिऱ्हाइकांचा ग्रुप करण्याचा मोह आवरा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एखादा दुसरा विक्रेता आत शिरला की अख्खी यादी त्याच्या हातात जाते, आणि परक्या ग्रुपमध्ये न विचारता घातल्याचा राग वेगळाच. चॅनल काढलं तर नंबर झाकलेले राहतात, पण तिथे गिऱ्हाईक उत्तर देऊन ऑर्डर देऊ शकत नाही. पाचशेच्या आतल्या गिऱ्हाइकांसाठी ब्रॉडकास्टच्या दोन-तीन याद्या पुरतात, त्याही भागांप्रमाणे: पुणे-पिंपरी, मुंबई-ठाणे, परगाव.

संवादांवर लावायच्या खुणा, म्हणजे लेबलं, आधीपासून पाच दिलेली असतात: नवं गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण. एकूण २० करता येतात. “रील” आणि “जाहिरात” ही दोन स्वतःची जोडा. पुढे हिशेबाला लागतात. ठरावीक उत्तरांची सोयही चांगली. तिरकी रेघ आणि छोटा शब्द टाइप केला की तयार मजकूर येतो, अशी ५० उत्तरं साठवता येतात. पाच पुरेशी आहेत: दर, पार्सलचा खर्च, पैसे कुठे पाठवायचे, घटक, किती दिवस टिकतं. छोटा शब्द ज्या कीबोर्डवर नेहमी टाइप करता त्यातलाच ठेवा, नाहीतर भाषा बदलण्यातच वेळ जातो.

स्वागताचा निरोप नव्या माणसाला आपोआप जातो, आणि १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्यालाही पुन्हा जातो. तिथे अख्खं दरपत्रक ओतू नका. तीन ओळी बस: काय विकता, उत्तर किती वाजेपर्यंत मिळेल, आणि “तुमचा पिनकोड पाठवाल का?” पिनकोड आधी मागण्याचं कारण पार्सल. खासगी कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही धरतात. सेंटीमीटरमधली लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून बहुधा ५००० ने भागतात, आणि दोन्हीत जे जास्त निघेल त्याचे पैसे घेतात. चकली फुटू नये म्हणून ३० बाय २० बाय १५ चा खोका घेतलात तर आत पाऊण किलो चकली असली तरी पैसे लागतात १.८ किलोचे. “सगळीकडे पार्सल फुकट” असं रीलवर लिहिण्याआधी हा हिशेब करा.

पन्नाशीपुढची मंडळी टोपली वापरत नाहीत. त्या बोललेला निरोप पाठवतात: “अर्धा किलो भाजणी दे, आणि मागच्या वेळचं ते मेतकूट, पण पत्ता आता मुलाकडचा.” हीच तुमची सगळ्यात भरवशाची गिऱ्हाइकं, तेव्हा त्यांना कॅटलॉगची वाट दाखवत बसू नका. ऐका, लिहून काढा आणि परत पाठवा: पदार्थ, वजन, रक्कम, पूर्ण पत्ता, पिनकोड, आणि शेवटी “बरोबर आहे ना, काकू?” होकार आला की मगच बांधा. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पार्सल परत येईतो दोन्ही बाजूंचा खर्च तुमच्याच अंगावर पडतो.

नवी माणसं आणायचं काम इन्स्टाग्रामचं. त्याबद्दल इथे दोन-तीनच गोष्टी, ज्या व्हॉट्सॲपशी जोडलेल्या आहेत. खातं व्यावसायिक केलं की आकडेवारी दिसते आणि संपर्काचं बटण मिळतं, पण बिझनेस खात्याला गाजणारी बरीच गाणी वापरता येत नाहीत. पदार्थाच्या धंद्याचं त्याने काही अडत नाही. खमंग धणे परततानाचा आवाज, खलबत्त्याचा ठोका, थालीपीठ तव्यावर टाकतानाची चुरचुर, हे गाण्यापेक्षा जास्त थांबवतं. रीलवरची अक्षरं मधल्या भागात ठेवा. खालची पट्टी मजकुराने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. बरेच जण रील आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा पदार्थाचं नाव आणि वजन मराठीत ठळक लिहा.

प्रोफाइलमध्ये पाच दुवे देता येतात, त्यातला पहिला व्हॉट्सॲपचा हवा. दुवा असा बनतो: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर. मधे अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा राहिली की दुवा चालत नाही, आणि तो चालत नाही हे तुम्हाला कोणी कळवत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतः दाबून बघा. ॲपमधून मिळणाऱ्या छोट्या दुव्यात आधीच लिहिलेलं वाक्य घालता येतं, जसं “रील बघून विचारते आहे, भाजणी आहे का?” गिऱ्हाइकाने दुवा दाबला की हे वाक्य तयार येतं. त्याला सुरुवात कशी करायची हा विचार पडत नाही, आणि ते कुठून आलं हे तुम्हाला कळतं. लगेच “रील” लेबल लावा.

जाहिरातही ॲपमधूनच देता येते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ती दिसते आणि दाबल्यावर थेट तुमच्याशी संवाद उघडतो. इथे फसगत होते ती संवादांचा आकडा बघून. समजा रोज २०० रुपयांप्रमाणे पाच दिवस जाहिरात चालवली. १००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. संवाद आले ४०, ऑर्डरी सहा. एका ऑर्डरमागे जवळजवळ १९७ रुपये पडले. पाकिटामागे तुम्हाला ९० रुपये सुटत असतील तर पहिल्या ऑर्डरला १०७ रुपये तोटा आहे, दुसरीनंतरही पूर्ण भरून निघत नाही, तिसरीला कुठे पैसे दिसतात. म्हणजे जाहिरातीतून आलेल्या त्या सहा जणांनी नंबर सेव्ह केला नाही तर पैसे पाण्यात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत जाहिरात देऊच नये असं स्पष्ट मत आहे. आधी तीस-चाळीस गिऱ्हाइकं अशी व्हावीत जी दुसऱ्यांदा परत आलेली आहेत, मग खर्च करा. जाहिरात दिलीत तर तीही पार्सल एक-दोन दिवसांत पोचेल एवढ्याच भागापुरती, आणि तुम्ही स्वतः उत्तर द्यायला मोकळे असाल त्याच तासांत. रात्री अकराला आलेल्या चौकशीला सकाळी दहाला उत्तर दिलं की समोरचा विसरलेला असतो.

धोके तीन. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर निरोप टाकले, लोकांनी तक्रार केली, की खातं बंद होतं. बदल करून वाटली जाणारी “जादा सोयींची” व्हॉट्सॲपं वापरली तरी तेच. खातं गेलं की त्याबरोबर संवाद आणि कॅटलॉगही जातो. दुसरा धोका पैसे पाठवल्याच्या खोट्या स्क्रीनशॉटचा. फोटोवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या खात्यात रक्कम दिसली आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जुळला की मगच “पैसे आले” लेबल लावा. दिवाळीच्या गर्दीत हेच राहून जातं. तिसरा म्हणजे व्हॉट्सॲपच्या पडताळणीचा सहा आकडी कोड मागणारे. “तुमचं पेज बंद होणार आहे” अशी भीती घालून ते येतात. दुहेरी पडताळणी पहिल्याच दिवशी चालू करा आणि तिचा पिन कागदावर लिहून घरात ठेवा.

हे ॲप महिन्याला शंभर-दीडशे ऑर्डरींपर्यंत एका माणसाला आरामात पुरतं. फोनशिवाय आणखी चार ठिकाणी ते जोडता येतं, त्यामुळे बांधणीचं काम करणाऱ्या वहिनी लॅपटॉपवर पत्ते बघू शकतात. त्यापुढे गेलात, शिल्लक मालाची मोजणी आणि आपोआप निघणारी पावती लागायला लागली, की स्वतःची वेबसाइट किंवा पैसे देऊन मिळणारी व्हॉट्सॲपची मोठी सेवा बघावी लागेल. तोवर एक जपा: अँड्रॉइडवर बॅकअप गूगलच्या १५ जीबी जागेत मोजला जातो. गिऱ्हाइकांच्या फोटोंनी ती भरली की बॅकअप थांबतो, आणि फोन बिघडेपर्यंत ते लक्षात येत नाही. दर रविवारी बॅकअपची तारीख बघा, आणि गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पिनकोड एका वहीतही उतरवत चला.